मधल्या सुट्टींतील छळ

रविवारचा दिवस आनंदांत गेलेला असतो. संध्याकाळीं दिवे लागतात, आई उद्यांच्या डब्याचा विचार करूं लागते, आणि तिसरी-चौथींतला मुलगा पोटाशीं हात धरून कॉटवर जाऊन पडतो. पोटांत दुखतें म्हणतो. आजी ओवा काढते. वडील हातांतल्या मोबाइलवरून नजर न काढतां म्हणतात, "शाळा चुकवायचीं सोंगें आहेत हीं." पोट शनिवारीं दुखलें नाहीं, दिवाळीच्या सुट्टींत दुखलें नाहीं, आज सकाळीं अंगणांत खेळतांनाहि दुखलें नाहीं, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर तपासतात; कांहीं निघत नाहीं. कांहीं निघालें नाहीं म्हणजे कांहीं नाहींच, असा अर्थ करून घरचीं माणसें मोकळीं होतात.

पोटदुखीचीं कारणें शंभर असतील. प्रत्येक पोटदुखीच्या मागें शाळेंतला छळ असतो असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु प्राथमिक शाळेंत शिकवण्यांत आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घालविल्यावर मला एवढें दिसून आलें आहे कीं, "मला छळतात" असें वाक्य सात-आठ वर्षांचें मूल सहसा उच्चारीत नाहीं. तें पोटाकडून बोलवतें. रोज हरवणाऱ्या पेन्सिलीकडून, पान फाटलेल्या वहीकडून, शाळेची रिक्षा आली तरी न सांपडणाऱ्या मोज्यांकडून बोलवतें. आणि आपण त्या वस्तूंनाच रागें भरतों.

खोडी, चेष्टा, टवाळी, दांडगाई, मस्ती, असे कितीतरी शब्द आपल्या भाषेंत आहेत. शब्द इतके असल्यामुळेंच कीं काय, आपण सगळे प्रकार एकाच टोपलीखालीं झांकतों व त्यावर "पोरखेळ" अशी चिठ्ठी लावून देतों. दोन सारख्या ताकदीचीं मुलें भांडलीं, गुद्दागुद्दी झाली, आणि दुसऱ्या दिवशीं एकाच चेंडूनें खेळूं लागलीं, तर तें भांडण. त्याची काळजी करण्याचें कारण नाहीं. छळ ही वस्तु निराळी. नॉर्वे देशांतील बर्गेन येथें काम करणारे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस (1931–2020) यांनीं छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. दुसऱ्याला दुखवावें हा हेतु, तेंच तेंच पुनःपुन्हां करणें, आणि दोघांच्या बळांतली विषमता. यांतलें तिसरें लक्षण सर्वांत महत्त्वाचें व सर्वांत दुर्लक्षिलें जाणारें आहे. बळ म्हणजे केवळ दंडांतलें बळ नव्हे. चौघे एकीकडे व एक दुसरीकडे, हें बळ आहे. बाईंची लाडकी असणें हें बळ आहे. शुद्ध बोलतां येणें हेंहि बळ आहे, आणि त्याबद्दल मला आपल्या पदरचेंच कांहीं सांगावयाचें आहे. त्यांत अभिमान वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या चौथीच्या वर्गांत वर्षाच्या मध्यावर एक मुलगा दाखल झाला. वडिलांची बदली होऊन कुटुंब वऱ्हाडांतून आलेलें. मुलगा हुशार, एकोणतिसाचा पाढा सर्वांच्या आधीं म्हणणारा. मात्र तो "पाणी" न म्हणतां "पानी" म्हणे आणि "कोण" न म्हणतां "कोन". मी भाषेची शिक्षिका. धडा वाचतांना मी त्याला थांबवीत असें, "ण म्हण बरें" असें सांगत असें, आणि त्याच्या तोंडून तो ण निघेपर्यंत सारा वर्ग वाट पाहत बसे. पंधरा दिवसांत त्याचें नांवच "पानी" पडलें. मधल्या सुट्टींत त्यानें बाटलीचें झांकण उघडलें कीं चार-पांच मुलें तालावर "पानी, पानी" म्हणत त्याच्याभोंवतीं फेर धरूं लागलीं. एकदां तो मजकडे आला. मीं त्याला म्हटलें, "लक्ष देऊं नकोस. आपोआप थांबतील." हा सल्ला आजवर मीं किती मुलांना दिला असेल याची गणती नाहीं! तो पुन्हां आला नाहीं, आणि प्रकरण मिटलें असें मी समजलें.

दोन महिन्यांनीं त्याची आई भेटावयास आली. तिनें तक्रार अशी केलीच नाहीं. एवढेंच विचारलें, "बाई, याची बाटली रोज भरलेलीच परत येते. शाळेंत पानी प्यायला वेळ देत नाहीं कां?" मुलाला लघवीच्या वेळीं जळजळ होऊं लागली होती, आणि पाणी पोटांत कमी जातें असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. सकाळीं सातापासून साडेबारापर्यंत तें मूल पाण्याच्या थेंबाला शिवत नव्हतें. पाणी प्यावयाचें म्हणजे बाटली उघडावयाची, आणि बाटली उघडली कीं गाणें सुरू.

त्या मुलांनीं तें गाणें कोठून आणलें? माझ्याकडून. दिवसांतून तीन वेळां सर्व वर्गासमक्ष मीच त्यांना शिकवीत होतें कीं, या मुलाच्या जिभेंत हंसण्यासारखें कांहींतरी आहे. सन 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, त्याच्या सतराव्या कलमानें, मुलाला शारीरिक शिक्षा करणें व मानसिक त्रास देणें या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. माझें तें उच्चारशुद्धीचें कार्य या कलमांत बसलें असतें कीं नाहीं, तें वकिलांना विचारावें लागेल. मला स्वतःला त्याची शंका उरलेली नाहीं.

अशी गोष्ट सांगितली कीं एखादे वडीलधारे गृहस्थ हटकून म्हणतात, "आम्ही काय कमी चिडवाचिडवी सोसली? त्यानेंच घट्ट झालों." त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. तथापि घट्ट झालेले तेवढेच आपला अनुभव सांगावयास पुढें येतात. बाकीचे गप्प असतात. ब्रिटनमध्यें 1958 सालच्या मार्च महिन्यांतील एका आठवड्यांत जन्मलेल्या मुलांची पाहणी आजतागायत चालू आहे. तीं मुलें सात व अकरा वर्षांचीं असतांना, इतर मुलें त्यांना त्रास देतात काय, हें त्यांच्या आईबापांस विचारून टिपून ठेवलें होतें. सन 2014 मध्यें या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला. लहानपणीं ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यांत पन्नाशीच्या वयांतहि खिन्नतेचें व चिंतेचें प्रमाण इतरांहून अधिक आढळलें, आणि त्यांचा गणगोताचा व मित्रांचा परिवारहि तोकडा राहिलेला दिसला. चाळीस वर्षांपूर्वींची मधली सुट्टी अजून संपली नव्हती, असेंच म्हणावें लागेल. सगळ्यांचेंच असें होतें असा मात्र याचा अर्थ नव्हे. पुष्कळजण सावरतात, आणि ते कशानें सावरतात हा प्रश्न येथूनच निघतो.

आपण या सावरण्याला कणखरपणा म्हणतों, व तो मुलाच्या हाडांत उपजत असतो किंवा नसतो असें धरून चालतों. या समजुतीला मोठा धक्का दिला तो हवाईमधील कवाई नांवाच्या एका लहानशा बेटानें. तेथें 1955 सालीं जन्मलेल्या सर्व, म्हणजे 698, मुलांच्या आयुष्यक्रमाचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ या दोन विदुषींनीं चाळिशीपर्यंत घेतला. यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरांतले तंटे, आईबापांचें व्यसन किंवा मनोविकार अशा अडचणी एकावर एक आलेल्या होत्या. तरीहि त्या एक तृतीयांशांतलीं पुन्हां एक तृतीयांश मुलें चांगलीं, मायाळू, स्वतःच्या पायांवर उभीं राहणारीं माणसें झालीं. आणि उरलेल्यांपैकींहि पुष्कळजण तिशी-चाळिशींत सावरले. स्वभावाचा त्यांत वांटा होताच. परंतु जवळजवळ प्रत्येकाच्या मागें निदान एक तरी मोठें माणूस उभें होतें. तें आईबापच असे, असें नाहीं. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाची शाळेंतली बाई, कोणाची शेजारीण. शिवाय पुष्कळांना लहानपणींच धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखें, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचें एखादें काम अंगावर घ्यावें लागलें होतें. आपली कोणाला तरी गरज आहे हें त्यांना ठाऊक होतें. आपल्या घरांत मुलाला अभ्यास सोडून दुसरें कांहीं करूंच न देण्याची जी नवी रीत पडली आहे, तिच्याकडे या दृष्टीनें एकदां पाहण्यासारखें आहे.

कवाईची पाहणी सर्व प्रकारच्या आपत्तींबद्दल होती. प्राथमिक शाळेंतील छळाबद्दल नेमकें सांगणारी पाहणी इंग्लंड व वेल्समधील आहे. तेथें 1994 व 1995 या सालांत जन्मलेल्या जुळ्या मुलांच्या 1116 जोड्या संशोधकांनीं निवडल्या. सन 2010 मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसलें कीं, छळ झालेल्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं आईची माया उघडपणें मिळत होती, भावंडांचें सख्य होतें आणि एकंदर वातावरण प्रसन्न होतें, तीं मुलें त्रासांतून पुष्कळच चांगलीं तरलीं. यावर कोणी म्हणेल, गोड स्वभावाच्या मुलावर माया जास्त होणारच. म्हणून त्यांनीं एकाच बीजापासून झालेलीं, हुबेहूब सारखीं अशीं जुळीं घेतलीं, कीं ज्यांतल्या दोघांचाहि छळ झालेला होता. त्यांतहि, ज्याच्या वाट्याला आईचें प्रेम अधिक आलें होतें त्याच्या वागण्यांत बिघाड कमी आढळला. रक्त तेंच, छळ दोघांच्याहि वाट्याला आलेला. फरक होता तो घरांत मिळालेल्या मायेचा. तेव्हां "कणखर हो" असें मुलाला सांगणें म्हणजे विहीर दाखविल्यावांचून पाणी भर म्हणण्यासारखें आहे. त्याचा कणखरपणा त्याच्या भोंवतींच्या माणसांत सांठविलेला असतो.

परंतु घराची माया जखमेवर मलमाचें काम करते. जखम करणारा हात तिनें थांबत नाहीं. तो शाळेंतच थांबवावा लागतो. हें सर्वांत आधीं नॉर्वेला उमगलें, आणि तें फार मोठी किंमत देऊन. सन 1982 च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागांतील दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनीं आपला प्राण दिला. सोबत्यांनीं केलेला तीव्र छळ हेंच त्याचें कारण असावें असें दिसून आलें. सारा देश हळहळला, आणि 1983 सालीं सरकारनें देशभर मोहीम सुरू केली. ओल्वेयस यांच्या पाहणीप्रमाणें सात विद्यार्थ्यांतला एक या प्रकारांत कोठल्या ना कोठल्या बाजूनें गुंतलेला होता. त्यांनीं आणखीहि कांहीं रूढ समजुती तपासून पाहिल्या. चष्मा, केसांचा रंग, लठ्ठपणा यांमुळें छळ होतो असें सर्वांना वाटे. त्यांना तसा पुरावा मिळाला नाहीं. छळणाऱ्यांना असलें निमित्त हवें असतें एवढेंच. एक नसलें तर दुसरें सांपडतें. छळणारें मूल आंतून भित्रें असतें, ही समजूतहि खरी ठरली नाहीं. मोठ्या वर्गाला किंवा मोठ्या शाळेला दोष देण्यांतहि अर्थ नव्हता. मधल्या सुट्टींत जेथें अधिक शिक्षक मुलांमध्यें वावरत होते, तेथें मात्र छळ कमी होता.

बर्गेनच्या 42 शाळांतील सुमारें 2500 मुलांवर त्यांनीं ही योजना चालवून पाहिली. वर्गाचे सोपे नियम, दर आठवड्याला वर्गांत त्यांवर बोलणें, सुट्टींत शिक्षकांची खरीखुरी देखरेख, आणि छळणाऱ्याशीं, छळल्या गेलेल्याशीं व दोघांच्या पालकांशीं स्वतंत्र बोलणें, एवढेंच तिचें स्वरूप. दोन वर्षांत छळ सुमारें निम्म्यावर आला. दुसऱ्या देशांत इतकें यश आलेलें नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. पुढें अशा 44 प्रयोगांचा एकत्र हिशेब 2011 सालीं निघाला, तेव्हां घट सरासरीनें एक पंचमांशाच्या आसपास भरली. एक पंचमांश थोडा वाटेल. ज्या मुलाची बाटली रिकामी होऊं लागते, त्याच्या आईला तो थोडा वाटणार नाहीं.

शिक्षकांची देखरेख म्हणतांना मला कॅनडांतील टोरॉन्टोची आठवण होते. तेथें संशोधकांनीं मुलांच्या अंगावर लहान बिनतारी मायक्रोफोन लावून व दुरून चित्रण करून प्राथमिक शाळांच्या पटांगणांत काय चालतें तें पाहिलें. सन 1997 मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत शंभरांपैकीं अवघ्या चार प्रसंगीं शिक्षक मध्यें पडल्याचें आढळलें. शिक्षक निर्दय होते म्हणून नव्हे. प्रकार क्षणांत होऊन जातो आणि पाठीमागें होतो. मुलांना मात्र सारें दिसतें. सन 2001 च्या पाहणींत, दहांपैकीं जवळजवळ नऊ प्रसंगीं इतर मुलें जवळ हजर होतीं. शंभरांतल्या 19 प्रसंगींच कोणी मूल मध्यें पडलें; पण पडलें तेव्हां निम्म्याहून अधिक वेळां छळ दहा सेकंदांच्या आंत थांबला. दहा सेकंद! मी भाषण करून जें दहा दिवसांत साधूं शकलें नाहीं, तें नऊ वर्षांच्या मुलाचें एक वाक्य दहा सेकंदांत करतें.

फिनलंडमधील क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनीं हें सूत्र हातीं धरलें. छळाच्या प्रसंगीं दोनच पात्रें नसतात, हंसून साथ देणारे, हात लावणारे, बघे, आणि क्वचित् पाठीशीं उभे राहणारे असे अनेक असतात, हें त्यांनीं 1996 मध्यें दाखवून दिलें. छळणाऱ्याला हवी असते ती या बघ्यांची दाद. ती बंद पडली कीं खेळांतली गोडी जाते. या विचारावर उभारलेली "किवा" नांवाची योजना 2009 पासून तेथील शाळांत सर्वत्र पसरली. त्यांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ "छान" असा आहे.

हें सारें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. त्या आईची भेट झाल्यावर मीं पहिली चूक केली ती अशी कीं, वर्गाला उभें करून चांगलें फैलावर घेतलें. परिणाम एवढाच झाला कीं गाणें वर्गांतून उठून जिन्यांत आणि रिक्षांत गेलें. मग मीं त्याला वाचनांत थांबविणें सोडून दिलें आणि एका तासाला मुलांना सांगितलें कीं, आपापल्या घरीं, आजोळीं पाण्याला काय म्हणतात तें विचारून या. दुसऱ्या दिवशीं एक मुलगी म्हणाली, "माझी आजी गोव्याची आहे, ती उदक म्हणते." मीं फळ्यावर उदक लिहिलें, त्याखालीं पाणी लिहिलें, आणि त्या मुलाला म्हटलें, "तुझ्या गांवचा शब्द तूं लिही." तो उठला, खडू घेऊन बराच वेळ उभा राहिला, आणि मग त्यानें "पानी" असें लिहिलें. कोणी हंसलें नाहीं. त्याच आठवड्यांत सुट्टींत पुन्हां गाणें सुरू झालें, तेव्हां ही गोव्याच्या आजीची नात त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "ए, मला पानी दे रे जरा." आणि ती त्याची बाटली घेऊन प्यायली. आणखी दोघी आल्या. मी दारांत उभी होतें. फेर धरणारीं मुलें क्षणभर घुटमळलीं व डबे खायला गेलीं. सर्व सुरळीत झालें असें मी म्हणणार नाहीं. एका मुलानें रिक्षेंत तें नांव वर्षअखेरपर्यंत चालविलें. पण बाटली रिकामी घरीं जाऊं लागली.

आतां घरीं काय करावें हें थोडक्यांत सांगतें. मुलानें चुकून एखादा शब्द उच्चारलाच, तर "तूं काय केलें होतेंस?" हा प्रश्न पहिला विचारूं नये. "तूंहि एक ठेवून दे" असेंहि सांगूं नये. बळ सारखें असतें तर त्याचा छळ झालाच नसता. पूर्ण ऐकून घ्यावें व त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या: यांत तुझी चूक नाहीं, आणि मी शाळेंत जाऊन बोलणार आहें. "कोणाला सांगूं नकोस" असें मूल विनवितें, तेव्हां तसें वचन मात्र देऊं नये. केव्हां, कोठें, कोण जवळ होतें, हें एका कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला भेटावें. त्या दुसऱ्या मुलाच्या घरीं जाऊन भांडूं नये, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप-गटावर तर नांव घेऊन एक अक्षरहि लिहूं नये. मोठ्यांच्या त्या मधल्या सुट्टींत मुलें पार चिरडून जातात. शिक्षकांनीं दोघांना सर्वांसमक्ष हात मिळवावयास लावण्याची जी प्रथा आहे ती भांडणाला योग्य आहे. छळाच्या बाबतींत दुर्बळ मुलाला तो हात पुढें करतांना काय वाटत असेल, याचा विचार करावा.

आणि चिठ्ठी आपल्याच मुलाविरुद्ध आली तर? "माझा मुलगा असें करणारच नाहीं" हें वाक्य मीं सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकलें आहे. सहावी ते नववींत दांडगे ठरलेल्या मुलग्यांपैकीं शेंकडा 60 च्या सुमारास चोविसाव्या वर्षापर्यंत निदान एकदां न्यायालयांत दोषी ठरले, असें ओल्वेयस यांना आढळलें होतें. पाहणी लहान होती, आणि चौथींतल्या पोराला त्यावरून गुन्हेगार ठरविणें शहाणपणाचें नाहीं. तरी त्या मुलाला वेळींच थांबविणें ही त्याच्यावरहि कृपाच आहे. मारून नव्हे; मारणें म्हणजे बळानें काम होतें हाच धडा पुन्हां देणें.

बहुतेकांचीं मुलें या दोहोंपैकीं कोणीच नसतात. तीं जवळ उभीं असतात. त्यांना संध्याकाळीं "गुण किती पडले?" याऐवजीं कधीं "आज सुट्टींत कोण एकटें बसलें होतें?" असें विचारून पाहावें. उत्तर पटकन् येतें, नांवासकट. मग "उद्यां त्याला आपल्या डब्याला बोलाव" एवढें सांगितलें तरी पुरे. आणि शाळेंत तक्रार करून प्रकरण थांबलें असें वाटलें, तरी पंधरा दिवसांनीं पुन्हां विचारावें, महिन्यानें पुन्हां विचारावें. मीं विचारलें नव्हतें. दरम्यान, दप्तरांतून बाटली काढून ती किती भरलेली आहे, तें पाहावें.